बाबांनी खाणं सोडलंय. भरवत राहू की थांबू?

अबोली | सोमवार, रात्री ११:५०

बाबांचं वय ७८. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. केमोचे दोन डोस झाले. तिसऱ्याच्या आधी डॉक्टर म्हणाले की आता फायद्यापेक्षा त्रासच जास्त होईल, पॅलिएटिव्हच्या, म्हणजे आजारापेक्षा त्रास कमी करण्याकडे बघणाऱ्या टीमला भेटा. त्याला सात आठवडे झाले. तेव्हापासून बाबा घरीच आहेत. हॉस्पिसची (शेवटच्या काळातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेची) नर्स आठवड्यातून दोनदा येते, रात्रीबेरात्री फोन केला तरी कुणीतरी उचलतं. बाकी सगळं मी बघते. आई आहे, पण तिच्या गुडघ्यांमुळे बाबांची कूस बदलायलाही तिला दुसरं माणूस लागतं. रात्री दहा, बारा, दोन, चार असे आम्ही दोघी मिळून उठतो.

शुक्रवारपासून बाबांनी खाणं जवळजवळ सोडलंय. परवा चार चमचे, काल दोन. आज चमचा ओठांना लावला तर तोंड मिटून मान वळवली. मी पुन्हा लावला. पुन्हा वळवली. तिसऱ्यांदा त्यांनी माझं मनगट धरलं आणि हात बाजूला केला. इतकी कमी ताकद होती त्या हातात की मला तो धरलेला कळलाच नाही आधी. मी आत जाऊन रडले.

दादा दूर असतो, रोज व्हिडिओ कॉल करतो. आज म्हणाला, "सलाईन लाव, नाकातून नळी घाल, काहीतरी कर. उपाशी ठेवणार का त्यांना?" नर्सताई म्हणतात आग्रह करू नका. डॉक्टरही तेच म्हणतात. सगळे इतक्या शांतपणे सांगतात की माझाच राग राग होतो.

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा. भरवणं थांबवलं तर मी त्यांना सोडून दिलं असं होतं का? आणि दुखण्यावर मॉर्फिन सुरू करायचं म्हणतायत, त्याचीही भीती वाटते.

वळणावर | मंगळवार, रात्री १२:२५

जागाच आहे, म्हणून लगेच लिहितो.

मी बायकोला भरवत राहिलो. ती मान वळवायची, मी दुसऱ्या बाजूने जायचो. गोड बोलून, कधी रागावून. ती गिळायची. शेवटी एकदा घास श्वासनलिकेत गेला, न्यूमोनिया झाला आणि तिला घरी राहायचं असूनही शेवटचे नऊ दिवस हॉस्पिटलात गेले. तेव्हा मला वाटत होतं मी तिला जगवतोय. ती माझ्यासाठी गिळत होती हे मला फार नंतर उमगलं.

बाबांनी तुमचं मनगट धरून हात बाजूला केला. ते त्यांचं सांगणं आहे. तेवढं ऐका.

शेवंती | मंगळवार, सकाळी ७:१०

अबोली, वाचून पोटात कालवलं. सविस्तर नंतर लिहिते, आईला उठवायची वेळ झाली. जमेल तेवढी झोप घे.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ९:३५

मी चौदा वर्षं हॉस्पिसमध्ये नर्स आहे. तुमच्या बाबांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे औषधांचं तुमच्या टीमलाच विचारा. पण खाण्याविषयी मनापासून लिहिते, कारण या एका गोष्टीवरून मी घरंच्या घरं भांडताना पाहिली आहेत.

कॅन्सर इतका पुढे गेला की शरीराचा कारभारच बदलतो. त्याला कॅकेक्सिया म्हणतात. शरीरात सतत दाह चालू असतो, त्यातून भूक मरते आणि स्नायू झिजतात. पोटात गेलेल्या अन्नातून शरीर नवं काही बांधू शकत नाही. म्हणून नळीने कितीही आत घातलं तरी ही झीज भरून येत नाही. उलट आतडी मंदावलेली असतात, तर पोट फुगतं, उलटी होते, ती छातीत जाते. आपल्याला उपास घडला की पोटात कालवाकालव होते, डोकं दुखतं, तसं त्यांना होत असणार असं आपण धरून चालतो. मी ज्यांना ज्यांना विचारलं, बोलता येत होतं तोवर, त्यातल्या बहुतेकांनी सांगितलं की भूक नाहीच, फक्त तोंड कोरडं पडतं. बाबांचं शरीर आवरतं घेतंय, त्यात खाणं आधी सुटतं.

सलाईनचंही ऐका. २०१३ साली एका अभ्यासात हॉस्पिसमधल्या १२९ कॅन्सर रुग्णांचे दोन गट केले. एकाला रोज एक लिटर सलाईन, दुसऱ्याला फक्त १०० मिलिलिटर, म्हणजे नावापुरतं. त्रास, आयुष्य, कशातही म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मूत्रपिंडं आणि हृदय थकलेली असली की ते पाणी पायांत, फुप्फुसांत आणि घशात साठतं. घरघर वाढते. दादांना हे सांगा.

मग करायचं काय? तोंड. दर तासा-दोन तासांनी तोंड ओलं करा. मऊ स्पंज किंवा स्वच्छ कापड बोटाला गुंडाळून पाण्यात बुडवा, पिळा, आणि हिरड्या, जीभ, गालाची आतली बाजू हलक्या हाताने पुसून घ्या. ओठांना मलम लावा. ते जागे असतील आणि गिळता येत असेल तर ड्रॉपरने थेंबभर पाणी जिभेवर. चव हवीशी वाटली तर आवडीच्या चवीचा एक थेंब. मागितलं तर द्यायचं, तोंड मिटलं की थांबायचं. हे काम आईंना बसल्या बसल्या जमेल. त्यांच्याकडेच द्या. पन्नास वर्षं ज्यांनी त्यांच्या खाण्यापिण्याचं पाहिलं, त्यांच्या हाताला अचानक काही काम उरत नाही, त्याचा फार त्रास होतो.

निरुत्तर | मंगळवार, दुपारी १:०५

वरच्या प्रतिसादाबद्दल आदर आहे, पण एक धोक्याची सूचना. "शेवट आला की खाणं सुटतं" हे सरसकट लावू नका. माझ्या काकांनी असंच खाणं टाकलं होतं. आम्ही सगळे निरोपाच्या तयारीला लागलो. एका डॉक्टरने टॉर्च घेऊन तोंडात पाहिलं, तर जीभ आणि टाळा पांढऱ्या बुरशीने भरलेला. घास लागला की आग होत होती आणि ते सांगू शकत नव्हते. औषध दिलं, पाच दिवसांत पुन्हा खायला लागले आणि पुढे दोन महिने बरे गेले.

दुसरं, मॉर्फिन. शेजारच्या आजींना सुरू केलं आणि तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. हे विसरता येत नाही.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ८:५०

निरुत्तर, तोंडाचं अगदी बरोबर आणि मी ते आधीच लिहायला हवं होतं. खाणं सुटलं की आधी सुधारता येण्यासारखं काही नाही ना हे पाहायचंच. तोंडातली बुरशी, साचलेला मळ, मळमळ, न सांगितलेलं दुखणं, रक्तातलं वाढलेलं कॅल्शियम, खिन्न झालेलं मन. अबोली, उद्या नर्सना टॉर्चने तोंड बघायला सांगा आणि पोट शेवटचं कधी साफ झालं तेही सांगा.

आता मॉर्फिन. शेजारच्या आजींबद्दल मला काही ठाऊक नाही, पण पुष्कळदा ते सुरूच शेवटच्या दिवसांत होतं. मग औषध आणि मृत्यू एकापाठोपाठ येतात आणि घरच्यांच्या मनात ते कायमचं जोडलं जातं. थोड्या डोसपासून, दुखण्याच्या मापाने चढवत नेलेलं मॉर्फिन श्वास बंद पाडत नाही. जास्त झालं तर आधी गुंगी वाढते, हाक मारून जागं करणं अवघड होतं. श्वास मंदावणं त्याच्या पुढची पायरी. म्हणून आम्ही आधी गुंगीकडे लक्ष ठेवतो. धाप लागत असेल तर तीही अगदी लहान डोसने कमी होते. (धापेला साधा पंखाही उपयोगी पडतो, चेहऱ्यावर झुळूक येईल असा धरायचा.)

पहिले दोन-तीन दिवस झोप जास्त येईल, मळमळेल, मग ते ओसरतं. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. मॉर्फिनच्या पहिल्या डोसाबरोबरच पोट साफ होण्याचं औषध सुरू झालं पाहिजे, दिलं नसेल तर मागून घ्या. मूत्रपिंडं थकली असतील तर औषध शरीरात साठतं, हातापायांना झटके येतात, भलतीच ग्लानी येते. तसं दिसलं तर लगेच फोन करा, औषध बदलता येतं. सावकाश सुटणाऱ्या गोळ्या असतील तर कुटून देऊ नका, एकदम सगळा डोस जातो.

आणि दुखेपर्यंत थांबू नका. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविकेचं काम केलं, आणि चाळिशीच्या तोंडावर डॉक्टर झाल्या. दुखणं उसळल्यावर औषध द्यायचं आणि रुग्णाने पुढच्या डोससाठी विनवण्या करत पडून राहायचं, ही पद्धत त्यांनी मोडली. घड्याळाप्रमाणे डोस द्यायचा, म्हणजे दुखणं डोकं वर काढतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या वेदनांसाठी हेच सांगितलं: शक्यतो तोंडावाटे, घड्याळाप्रमाणे, पायरीपायरीने. एका वहीत वेळ, डोस आणि नंतर बाबा कसे होते ते लिहीत जा. रात्री तीनला डोकं चालत नाही, वही चालते.

अबोली | बुधवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. नर्सताईंनी तोंड पाहिलं. बुरशी नाही. पोट आठ दिवस साफ नव्हतं, त्यावर उपाय केला, थोडं हलकं वाटतंय त्यांना. तरी खाणं नाहीच. मॉर्फिन काल रात्री सुरू केलं. पहिला डोस देताना माझे हात कापत होते, रात्रभर त्यांच्या छातीकडे बघत बसले. सकाळी बाबांनी डोळे उघडून विचारलं, "तू झोपली नाहीस?" किती दिवसांनी त्यांच्या कपाळावर आठी नव्हती.

पण संध्याकाळपासून अस्वस्थ आहेत. चादर ओढतात, उठायला बघतात, "चला, निघू या" म्हणतात. कुठे ते सांगत नाहीत. दादा म्हणतो मॉर्फिनमुळे भ्रम झालाय, बंद कर.

मला आणखी एक खातं. केमो थांबवायला मीच हो म्हटलं होतं.

रात्रपाळी | बुधवार, रात्री १०:३०

आधी हे करा: लघवी शेवटची कधी झाली? बेंबीच्या खाली हात ठेवून बघा, टणक आणि फुगलेलं लागतं का? लागलं तर आत्ता फोन करा.

अबोली | गुरुवार, पहाटे १:४०

दुपारपासून झाली नव्हती. ताई येऊन गेल्या, कॅथेटर (लघवीची नळी) घातला, ८०० मिलिलिटर निघाली. दहा मिनिटांत बाबा झोपले. मॉर्फिननेही लघवी अडू शकते म्हणाल्या. मला सुचलंच नसतं. दादाला मेसेज केलाय.

निरुत्तर | गुरुवार, सकाळी ८:२०

केमो थांबवण्याबद्दल. मी आकड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस आहे, म्हणून तेच देतो. २०१० साली फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटात शेवटच्या काळात केमोसारखे कडक उपचार कमी झाले, मनाची खिन्नता कमी होती, आणि आयुष्य ११.६ महिने, पहिल्या गटात ८.९. कॅन्सर वेगळा, रुग्ण वेगळे, तुमच्या बाबांना ते जसंच्या तसं लागू होणार नाही. पण पॅलिएटिव्ह केअर घेतली म्हणजे आयुष्य कापलं, हे यातून दिसत नाही. उलटच दिसतं. मॉर्फिनबद्दल मी घाईने लिहिलं, त्याने तुमची भीती वाढली असेल तर माफ करा.

शेवंती | गुरुवार, दुपारी ३:००

आई झोपलीय, आता लिहिते.

माझ्या आईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, आठवं वर्ष. तुमच्याकडे किती वेळ उरलाय याचा अंदाज तरी आहे, आमच्याकडे तोही नाही. दोनदा "आता चोवीस तास" असं सांगून झालं, आम्ही सगळ्यांना बोलावलं, आणि आई पुन्हा उठून बसली. कॅन्सरमध्ये म्हणे बराच काळ माणूस बरा असतो आणि शेवटच्या काही आठवड्यांत उतार लागतो. हृदयाच्या, फुप्फुसाच्या आजारात खाली-वर होत राहतं. डिमेन्शियात मात्र नुसता लांबच लांब उतार. आमच्याकडेही नळीचा विषय निघाला होता. शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात पोटात नळी घातल्याने आयुष्य वाढत नाही आणि न्यूमोनियाही टळत नाही, म्हणून अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची संघटना ती घालू नका म्हणते, हाताने सावकाश भरवा म्हणते. आम्ही तेच करतो. एका वाटीला पाऊण तास लागतो.

मला खरं तर वेगळंच लिहायचं होतं. मध्यंतरी मी मनात म्हटलं, सुटू दे आता एकदाची. आणि पुढचे चार दिवस स्वतःचं तोंड आरशात बघवेना. मग हॉस्पिसच्या समुपदेशक बाई म्हणाल्या की हे त्यांना बहुतेक प्रत्येक घरात ऐकायला मिळतं, फक्त लोक कुजबुजत सांगतात. त्यांनी आईला पाच दिवस त्यांच्याकडे ठेवून घेतलं, मला झोपायला म्हणून. मी पहिले दोन दिवस फक्त झोपले. अबोली, तुझ्या टीमला अशी सोय आहे का विचार. पाच दिवस नको असतील, एक रात्र माणूस पाठवतात का ते तरी विचार.

रात्रपाळी | गुरुवार, रात्री ९:१०

दादांविषयी थोडं. दुरून आलेलं मूल येताच सगळे उपचार करा म्हणून हट्ट धरतं, हे इतकं नेहमीचं आहे की १९९१ साली एका वैद्यकीय नियतकालिकात त्याला चक्क "कॅलिफोर्नियाची मुलगी" असं नाव देऊन लेख आला. मला ते नाव आवडत नाही. तुम्ही सात आठवडे रोज थोडं थोडं पाहिलंत, त्यांना ते एकदम दिसतं, तेही मोबाईलच्या पडद्यावर. त्यांना वाद घालून पटवू नका. या म्हणावं. आल्यावर स्पंज हातात द्या.

अबोली | शनिवार, रात्री ११:३०

दादा काल आला. येताना सलाईनचं ठरवूनच आला होता. खोलीत गेला आणि दारातच थांबला. मग आईने त्याला कसं करायचं ते दाखवलं, हिरड्यांवरून असं, जोर न लावता. आज दिवसभर तोच करत होता. सलाईनचं पुन्हा बोलला नाही.

बाबा आज दुपारनंतर जागे झाले नाहीत. पावलं गार पडलीत, गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसते. श्वास चार-पाच मोठे घेतात, मग लहान लहान होत जातो, मग थांबतो. मी वीसपर्यंत मोजलं. मग पुन्हा सुरू. घशात घरघर आहे, ती ऐकवत नाही.

रात्रपाळी | शनिवार, रात्री ११:४५

जागी आहे, लिहिते.

हा थांबून थांबून येणारा श्वास खूप जणांत शेवटी दिसतो. चेन आणि स्टोक्स या दोन डॉक्टरांच्या नावाने तो ओळखला जातो, दोनशे वर्षांपूर्वीपासून त्याची नोंद आहे. त्यात गुदमरणं नाही. चेहऱ्याकडे बघा, कपाळ सैल आहे ना? मग त्रास नाही. घरघर म्हणजे गिळायची शक्ती गेल्याने घशात साठलेली लाळ. ऐकणाऱ्याला असह्य होते, त्यांना बहुतेक जाणवत नाही. कुशीवर वळवा, डोकं जरा उंच, तोंड थोडं खाली, म्हणजे ती बाहेर ओघळेल. खोलवर नळी घालून ओढायला सांगू नका, त्याने टोचतं आणि पुन्हा साठतं. त्रासदायक वाटलीच तर ती सुकवणारं औषध असतं, फोन करून विचारा.

दर दोन तासांनी कूस बदलायचा नियम आता सोडा. हलवल्यावर कण्हत असतील तर जितकं राहवतं तितकं राहू द्या. मॉर्फिनची वेळ चुकवू नका, बेशुद्धीतही दुखतं. गिळता येत नाही तर कातडीखालून देता येतं, ताईंना ठाऊक असेल.

श्वास थांबला की घाबरून आपत्कालीन रुग्णवाहिका बोलावू नका. त्या माणसांना छाती दाबणंच भाग असतं. हॉस्पिसच्या नंबरवर फोन करा, प्रमाणपत्रासाठी कोण येणार ते आत्ताच विचारून ठेवा.

आणि बोलत राहा. २०२० साली कॅनडात हॉस्पिसमधल्या, प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूचे आलेख काढले, तर काहींचा मेंदू शेवटच्या तासांतही आवाजांना प्रतिसाद देत होता. त्यातलं त्यांना किती समजतं हे तो आलेख सांगत नाही. मी तरी खोलीत शिरताना अजून त्यांचं नाव घेऊन सांगते की मी आलेय.

वळणावर | रविवार, पहाटे ४:०५

जागा आहे. काही लिहायचं नाही. जागा आहे इतकंच.

अबोली | सोमवार, संध्याकाळी ६:२०

बाबा काल सकाळी सव्वासहाला गेले. दादा त्यांना आम्ही लहानपणी गच्चीवरून पडलो होतो ते सांगत होता. आई ओठ पुसत होती. श्वास थांबला, आम्ही मोजत राहिलो, साठच्या पुढे गेल्यावर आईने स्पंज वाटीत ठेवला. ताई पाऊण तासात आल्या. त्यांनी बाबांना नाव घेऊन सांगितलं की आता कॅथेटर काढतेय.

शेवंती | सोमवार, संध्याकाळी ६:५०

अबोली, जवळ असते तर येऊन बसले असते. आईला सांभाळ.

निरुत्तर | सोमवार, रात्री ९:००

बाबांना नमस्कार.

अबोली | चौदा दिवसांनंतर, दुपारी ४:३०

उरलेलं मॉर्फिन ताई मोजून, वहीत सही करून घेऊन गेल्या. असं घरात ठेवायचं नसतं म्हणाल्या. एअर बेड धुऊन वाळवलाय, तोही हॉस्पिसलाच देतेय, कुणालातरी लागेल. दादा परवा परत गेला. जाताना ती वही मागून घेतली त्याने.

एक विचारायचं होतं. मला अजून रात्री दोनला जाग येते. गजर नसतानाही. हे किती दिवस चालतं?

वळणावर | त्याच दिवशी, संध्याकाळी ५:१५

मला पाच महिने येत होती. उठून पाणी प्यायचो, कारण उठल्यावर काहीतरी करायला हवं असायचं. अंथरुणात पडून झोपेची वाट बघण्यापेक्षा ते बरं पडलं. पुढे कधी थांबलं ते कळलं नाही.

अबोली | दुसऱ्या दिवशी, सकाळी ८:००

काल दोनला उठले तर आईपण जागी होती, पलंगाच्या कडेला बसलेली. म्हणाली, "कूस बदलायची वेळ झाली ना." मी हो म्हटलं आणि तिच्याजवळ जाऊन बसले. चारच्या सुमारास ती झोपली.